मीठ, दारू आणि मठाच्या जमिनी: युरोपातली जुनी विद्यापीठं कशावर चालायची?

पडवी (धागाकर्ता)

फीवाढीची चर्चा निघाली की कोणीतरी म्हणतंच, 'पूर्वी विद्या विकत नव्हते.' मध्ययुगीन युरोपात हा नुसता सुविचार नव्हता, चर्चच्या कायद्याचा भाग होता. ज्ञान ही देवाची देणगी, म्हणून ते विकायचं नाही. ११७९च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने शिकवण्याचा परवाना देताना पैसे घ्यायला बंदी केली. प्रत्येक कॅथेड्रलने एका शिक्षकाच्या पोटापाण्याची सोय करावी, म्हणजे तो गरीब मुलांना फुकट शिकवेल, असंही ठरवलं. पण शिक्षकालाही घरभाडं, जेवण, मेणबत्त्या लागतातच. मग साधारण १२०० ते १७०० या काळात हा खर्च कोणी उचलला? गेले काही महिने मी याच विषयावर वाचतोय, म्हणून हा धागा.

सुरुवात बोलोन्यापासून. इथे 'युनिव्हर्सिटास' म्हणजे विद्यार्थ्यांचा संघ. कायदा शिकायला आलेली ही मंडळी वयाने मोठी, घरची बरी आणि बहुतेक परगावची. संघ करून ती शहराशी भाड्यावरून भांडायची आणि अध्यापकांशी मानधन ठरवायची. पैसे त्यांच्या हातात, त्यामुळे नियमही त्यांचेच. व्याख्यान वेळेवर सुरू झालं नाही तर दंड. ठरलेला भाग ठरलेल्या तारखेपर्यंत संपला नाही तर दंड, आणि त्यासाठी अध्यापकाने आधीच सावकाराकडे अनामत रक्कम ठेवायची. नेमून दिलेल्या व्याख्यानाला पाचपेक्षा कमी श्रोते आले तर अध्यापक गैरहजर, आणि पुन्हा दंड. गावाबाहेर जायचं तर विद्यार्थ्यांची परवानगी.

एवढं करूनही पैसे वेळेवर मिळायचे असं नाही. तेराव्या शतकात बोलोन्यात ओदोफ्रेदो नावाचे कायद्याचे नामांकित अध्यापक होते. वर्षाच्या शेवटच्या व्याख्यानात त्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी जादा तास घेणार नाही, कारण विद्यार्थी पैसे चुकते करत नाहीत. शिकायचं सगळ्यांना असतं, द्यायचं कोणालाच नसतं.

१२८०च्या दशकात शहराने काही अध्यापकांचे पगार आपल्या तिजोरीतून द्यायला सुरुवात केली. यामागे विद्याप्रेम असेलही, पण भीती नक्की होती. विद्यार्थी रागावले की अख्खी विद्यापीठं गाव सोडायची. १२२२ मध्ये पादुआचं विद्यापीठ उभं राहिलं ते बोलोन्याहून निघालेल्या मंडळींमुळेच. ती गेली तर खोल्या रिकाम्या, खाणावळी ओस, पुस्तकांचे नकलकार बेकार. शहराने पगार सुरू केले आणि हळूहळू नेमणुकाही आपल्याकडे घेतल्या. विद्यार्थ्यांचा संघ नावाला राहिला.

इतर ठिकाणी पैशाची वाट निराळी, पण शेवट सारखाच. नेपल्सचं विद्यापीठ १२२४ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने काढलं; पगार त्याचे आणि हुकूमही त्याचेच. आपल्या सिसिली राज्यातल्या मुलांनी शिकायला बाहेर जायचं नाही, असंही त्याने फर्मावलं. सालामांकाला १२५४ मध्ये दहाव्या आल्फोन्सोने पगार नेमून दिले, पुढे चर्चच्या दशमांशातला वाटा तिकडे लागला. रोममध्ये पोप चौथ्या युजीनने १४३०च्या दशकात बाहेरून येणाऱ्या दारूवरची जकात विद्यापीठाला दिली. दारू खपतच होती, पण पोपांना पैशाची नड लागली की ती जकात दुसरीकडे वळायची आणि प्राध्यापक पगाराची वाट पाहत बसायचे.

उत्तर युरोपात मोठा आधार होता चर्चच्या वतनाचा. एखाद्या गावच्या चर्चचं उत्पन्न तिथल्या धर्मगुरूला मिळायचं. १२१९ मध्ये पोप तिसऱ्या होनोरियसने मुभा दिली की धर्मशास्त्र शिकायला गेलेल्याला पाच वर्षं हे उत्पन्न गावात न राहताही घेता येईल. १२९८ मध्ये आठव्या बोनिफेसने बिशपांना अधिकार दिला की गावच्या धर्मगुरूला शिकायला सात वर्षांपर्यंत सुट्टी द्यावी. त्याच्या जागी कोणीतरी कमी पैशात प्रार्थना चालवायचा आणि मूळ वतनदार पॅरिसला किंवा ऑक्सफर्डला. म्हणजे शिष्यवृत्ती देत होते गावोगावचे शेतकरी, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

माझं म्हणणं असं: पैसा ज्याच्या हातून येतो, त्याचं ऐकावं लागतं. विद्यार्थी देत होते तेव्हा अध्यापक विद्यार्थ्यांचे ताबेदार, शहर देऊ लागलं तेव्हा शहराचे, पोप देत होता तेव्हा पोपचे. यातून सुटायची एकच वाट लोकांना सापडली. विद्यापीठाकडे, किंवा इंग्लंडात त्यातल्या कॉलेजांकडे, स्वतःच्या नावावर जमीन असणं. वॉल्टर डी मर्टनने १२६४ मध्ये सरे परगण्यातली आपली गावं ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या नावे केली, ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना वाटते. दाता मेला तरी जमीन राहते आणि दरसाल खंड येत राहतो.

तुमची मतं आणि भर, दोन्ही हवं आहे.

---

शाईदौत

फार आवडला लेख. ऑक्सफर्डबद्दल थोडी भर, कारण मला तिथल्या पेट्यांचं प्रकरण अतिशय जवळचं वाटतं.

१२०९ मध्ये ऑक्सफर्डात एका बाईचा खून झाला आणि गावकऱ्यांनी संशयिताच्या सोबत्यांना, म्हणजे विद्यार्थ्यांनाच, फाशी दिली. अध्यापक-विद्यार्थी गाव सोडून गेले (त्यातलेच काही केंब्रिजला). १२१४ मध्ये पोपच्या वकिलाने तडजोड केली. खोल्यांचं भाडं दहा वर्षं निम्मं. शिवाय गावाने दरसाल ५२ शिलिंग गरीब विद्यार्थ्यांसाठी द्यायचे आणि सेंट निकोलसच्या दिवशी शंभर गरीब विद्यार्थ्यांना जेवण घालायचं. जेवणात काय असावं हेसुद्धा ठरवून दिलं होतं: पाव, बिअर, कढण आणि मासे किंवा मांसाचा एक पदार्थ.

त्या ५२ शिलिंगांतून १२४० मध्ये लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी सेंट फ्राइड्सवाइडची पेटी सुरू केली. पेटी म्हणजे खरोखरची लोखंडी पट्ट्यांची पेटी, अनेक कुलपं आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. त्यातून बिनव्याजी कर्ज मिळायचं, पण तारण ठेवून, आणि तारणाची किंमत कर्जापेक्षा जास्त हवी. विद्यार्थ्याकडे तारण ठेवण्यासारखं काय असणार? पुस्तक. ठरलेल्या मुदतीत सोडवलं नाही तर पुस्तक विकायचं.

त्या काळातल्या हस्तलिखितांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर या गहाणाच्या नोंदी आजही दिसतात: कोणाचं पुस्तक, कोणत्या पेटीत, कोणत्या तारखेला, किती रकमेला. काही पुस्तकांत अशा नोंदी एकाखाली एक आहेत, जुनी खोडून नवी लिहिलेली. एकच ग्रंथ पुन्हा पुन्हा गहाण पडायचा आणि सुटायचा. अशा पानाचं छायाचित्र पाहिलं आणि पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचा तो मुलगा एकदम ओळखीचा वाटला.

पुढे दानशूर लोकांनी अशा कितीतरी पेट्या काढल्या. १२९३ची वॉरिकच्या काउंटेसची पेटी त्यातलीच. कर्ज घेणाऱ्याने देणाऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची, हेच व्याज.

---

करवंद

बिनव्याजी कर्ज वाचून थक्क झाले. पण पदवी घ्यायचा खर्चही भयंकर असायचा ना? मेजवान्या, भेटवस्तू वगैरे?

---

पडवी

@शाईदौत, अप्रतिम भर. या पेट्यांवर स्वतंत्र लेख लिहा, आग्रहाची विनंती.

@करवंद, हो, आणि तो अन्याय तेव्हाच्या लोकांनाही दिसत होता. डॉक्टर व्हायचं तर परीक्षकांना शुल्क, हातमोजे, टोप्या, वस्त्रं आणि वर मेजवानी. १३११ मध्ये व्हिएनच्या परिषदेत पोप पाचव्या क्लेमेंटने मर्यादा घातली की पदवी घेताना ३,००० तुरनुआ (फ्रान्सची चांदीची नाणी) यांच्या वर खर्च करायचा नाही, आणि तशी शपथ घ्यायची. वरची मर्यादाच एवढी, यावरून प्रत्यक्षात काय चालत असेल ते कळतं. त्यामुळे वर्गात बसणारे पुष्कळ आणि पदवी घेणारे थोडे असं चित्र सगळीकडे होतं. नाव नोंदवताना 'गरीब' अशी नोंद झाली की बऱ्याच ठिकाणी शुल्क माफ व्हायचं, पण मेजवानीचा खर्च कोण माफ करणार?

---

इंद्रायणीकाठ

मी पोलंडमध्ये क्राकूवला राहतो, म्हणून इथली गोष्ट सांगतो. इथलं विद्यापीठ राजा कासिमिर द ग्रेटने १३६४ मध्ये काढलं आणि प्राध्यापकांचे पगार लावून दिले व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीच्या उत्पन्नातून. ती खाण शहराच्या वेशीपासून फार लांब नाही, आता पर्यटक जातात. आत मैलोगणती बोगदे आहेत, भिंतीवर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. या मिठातून कायद्याच्या प्राध्यापकांचा पगार निघायचा, हे तिथे उभं राहिल्यावर मनात आल्याशिवाय राहत नाही.

विद्यार्थ्यांच्या कर्जाचीही राजाने सोय केली होती: एक ज्यू सावकार नेमून दिला होता आणि व्याजाला महिना एका मार्कमागे एक ग्रोश अशी कमाल मर्यादा होती. मार्कचे ४८ ग्रोश, म्हणजे वर्षाला २५ टक्के. ऑक्सफर्डच्या पेटीपुढे हे जबरच, पण निदान मर्यादा तरी होती.

१३७० मध्ये राजा वारला आणि विद्यापीठ जवळपास बंद पडलं. पुन्हा उभं राहिलं राणी यादविगामुळे. १३९९ मध्ये ती तरुणपणीच बाळंतपणात गेली; जाताना आपले दागदागिने विद्यापीठाला देऊन गेली आणि १४०० मध्ये नव्याने सुरुवात झाली. तिची कबर विसाव्या शतकात उघडली तेव्हा आत राजचिन्हं मिळाली ती लाकडाची आणि चामड्याची. इथले लोक हे फार आदराने सांगतात.

---

मोडीवाचक

धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याला माझा अर्धा विरोध आहे. जमीन मिळाली की संस्था स्वतंत्र होते हे खरं, पण ती सुस्तही होते.

अ‍ॅडम स्मिथ १७४० ते १७४६ ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात होता. पुढे त्याने स्पष्ट लिहिलं की तिथल्या बहुतेक प्राध्यापकांनी शिकवण्याचं सोंग करणंसुद्धा कधीच सोडून दिलंय. कारणही त्याने दिलं: उत्पन्न जमिनीचं, शिकवलं काय नि न शिकवलं काय, फरक पडत नाही. तो स्वतः ग्लासगोला प्राध्यापक होता. तिथे थोडा पगार आणि बाकी वर्गाची फी विद्यार्थी थेट शिक्षकाच्या हातात देत. १७६४ मध्ये सत्राच्या मध्येच नोकरी सोडून जाताना त्याने विद्यार्थ्यांची फी परत करायला घेतली. मुलं घेईनात, तर त्याने आग्रहाने घ्यायला लावली.

तेव्हा विद्यार्थ्याच्या हातातला पैसा अगदीच वाईट नव्हता. बोलोन्यातला दंड मला आजही काही ठिकाणी हवासा वाटतो.

---

पडवी

@मोडीवाचक, मुद्दा वजनदार आहे. अठराव्या शतकातल्या ऑक्सफर्डची बाजू मी घेणार नाही. पण जमीन असून भागत नाही, ती सांभाळायची अक्कलही लागते, आणि त्याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

सोळाव्या शतकात युरोपभर महागाई भडकली. कॉलेजांच्या जमिनी लांबच्या मुदतीने ठरलेल्या रोख खंडावर दिलेल्या, त्यामुळे खंड तोच आणि गव्हाचा भाव कुठल्या कुठे. १५७६ मध्ये इंग्लंडच्या संसदेत एक कायदा झाला. त्यामागे सर थॉमस स्मिथ यांचा हात होता, जे स्वतः केंब्रिजमध्ये प्राध्यापक होते. कायदा असा: ऑक्सफर्ड, केंब्रिजची कॉलेजं आणि विंचेस्टर, ईटन या शाळा यांनी यापुढे जमीन भाड्याने देताना जुन्या खंडाचा निदान तिसरा हिस्सा धान्यात लावायचा. त्यासाठी गहू ६ शिलिंग ८ पेन्स क्वार्टर आणि माल्ट ५ शिलिंग क्वार्टर या दराने धरायचे. (क्वार्टर हे धान्याचं माप.) कुळाने धान्य आणून घालावं, नाहीतर त्या दिवशीच्या बाजारभावाने पैसे द्यावेत.

हिशेब करून पाहा. खंड ९ पौंड, म्हणजे १८० शिलिंग. तिसरा हिस्सा ६० शिलिंग. सोयीसाठी सगळा गहूच धरू: ६ शिलिंग ८ पेन्स दराने ९ क्वार्टर. आता गव्हाचा भाव ४० शिलिंगांवर गेला, तर ९ क्वार्टरचे झाले ३६० शिलिंग, म्हणजे १८ पौंड. वरचे रोख ६ पौंड धरून एकूण २४. कागदावर खंड ९च, हातात २४! १५९०च्या दशकात लागोपाठ पिकं बुडाली आणि भाव खरोखर तिथपर्यंत पोचले. माणसं उपाशी असताना कॉलेजांच्या वाट्याला ही वाढ आली, हेही विसरून चालणार नाही. पण पुढची कित्येक दशकं महागाईने त्यांना बुडवलं नाही, ते या एका कलमामुळे.

याशिवाय भाडेपट्टा नवा करताना कुळाकडून एकरकमी नजराणा घ्यायचे, तो फेलो (कॉलेजचे सभासद) मंडळी आपसात वाटून घ्यायची. मोडीवाचक म्हणतात ती सुस्ती इथून सुरू झाली, हे मलाही पटतं.

---

खारवी

मी गोव्याची. शांतपणे वाचत होते, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. संस्थेच्या नावावर आलेली ही जमीन आधी कोणाची होती?

आमच्याकडे १५४१ मध्ये सांता फेची सेमिनरी निघाली, तीच पुढे जेझुइटांकडे जाऊन सेंट पॉल कॉलेज झाली. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना तिथेच आला, हे सगळे अभिमानाने सांगतात. पण कॉलेज चाललं कशावर? तिसवाडी बेटावरची देवळं पाडली आणि त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न सेमिनरीकडे वळवलं. या जमिनी गावकऱ्यांनी देवाच्या पूजेअर्चेसाठी, भाविणी-वाजंत्र्यांसाठी, देवळाच्या दुरुस्तीसाठी राखलेल्या होत्या. गावकऱ्यांनी त्या 'राजीखुशीने' दिल्या असं कागदावर लिहून घेतलं. देवळं पाडून झाल्यावर राजीखुशी कसली?

त्या उत्पन्नावर स्थानिक मुलं लॅटिन शिकली, हे मान्य. पण हे वाक्य पुरतं सांगायचं तर देवळांसकट सांगावं लागेल.

---

पडवी

@खारवी, तुमचा प्रश्न या धाग्याच्या केंद्रस्थानी आहे. युरोपातच पाहा.

हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ चं. १३९० मध्ये तिथल्या सत्ताधीशाने शहरातल्या ज्यू लोकांना हाकलून लावलं आणि त्यांची घरं विद्यापीठाला दिली. सिनेगॉगचं चॅपल केलं आणि तिथे व्याख्यानं होऊ लागली. काल ज्या घरात कोणाची चूल पेटत होती तिथे आज प्राध्यापक राहायला आले. विद्यापीठाच्या कागदांत ही देणगी म्हणूनच नोंदली गेली.

धर्मसुधारणेनंतर, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ निघाल्यावर, मठांची पाळी आली. १५२७ मध्ये हेसच्या फिलिपने मारबुर्गचं विद्यापीठ मठांच्या मालमत्तेवर उभं केलं. १५७५ मध्ये लायडनचं विद्यापीठ निघालं त्याला एग्मंडच्या जुन्या मठाचं उत्पन्न लावून दिलं. आठव्या हेन्रीने १५४६ मध्ये केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेज काढलं तेही बरंचसं मठांच्या जमिनींवर. फरक एवढाच की मठातल्या साधूंपैकी पुष्कळांना पेन्शन मिळाली. हायडेलबर्गच्या ज्यूंना काहीच मिळालं नाही, आणि तुम्ही सांगता त्या देवळांच्या सेवेकऱ्यांनाही नाही.

---

करवंद

खारवी, तुमच्या प्रतिसादावरून येल आठवलं. अमेरिकेतल्या त्या विद्यापीठाला नाव मिळालं एलाहू येलवरून, आणि हा माणूस १६८७ ते १६९२ मद्रासला सेंट जॉर्ज किल्ल्यावर ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता. खाजगी धंद्यात गडगंज झाला आणि गैरव्यवहाराच्या आरोपांवरून पदावरून गेला. १७१८ मध्ये त्याने कनेटिकटच्या त्या छोट्या कॉलेजला ४१७ पुस्तकं, राजा पहिल्या जॉर्जचं चित्र आणि नऊ गाठोडी माल पाठवला. माल बॉस्टनला विकून ५६२ पौंड आले, त्यातून इमारत उभी राहिली. मद्रासमधली कमाई अशी तिथे पोचली.

हार्वर्डची सुरुवात मात्र मला आवडते. १६४०च्या दशकात न्यू इंग्लंडमधल्या घरोघरी सांगितलं होतं की जमेल त्याने पाव बुशेल धान्य किंवा तेवढे पैसे कॉलेजसाठी द्यावेत. शिवाय चार्ल्सटाउनच्या होडीचं उतारशुल्कही कॉलेजला लावून दिलं होतं.

---

शाईदौत

पॅरिसबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडंसं. तिथे दरवर्षी जूनमध्ये सॅं-दनीला लांदीची जत्रा भरायची. विद्यापीठाचा रेक्टर मिरवणुकीने तिथे जायचा, कारण चर्मपत्राच्या खरेदीचा पहिला मान विद्यापीठाचा आणि इतरांच्या चर्मपत्रावर रेक्टरची पट्टी. लिहायच्या साहित्यावरच कर, आणि घेणारं विद्यापीठ!

दुसरी गोष्ट टपालाची. वेगवेगळ्या प्रांतांतल्या विद्यार्थ्यांना घरून पैसे-पत्रं आणायला विद्यापीठाचे स्वतःचे निरोपे होते. राजाचं टपाल सुरू झाल्यावर हा हक्क हळूहळू गेला, पण विद्यापीठ मोबदल्यासाठी भांडत राहिलं. १७१९ मध्ये राजाने टपालाच्या मक्त्याचा अठ्ठाविसावा हिस्सा विद्यापीठाला लावून दिला, आणि त्या बदल्यात पॅरिसच्या मोठ्या कॉलेजांतलं शिक्षण विनाशुल्क झालं. मला वाटतं, या धाग्यातल्या सगळ्या पैशांत हा सर्वांत स्वच्छ पैसा. पत्रं पोचवायचं काम खरंच केलं होतं.

---

इंद्रायणीकाठ

यातलं एखादं जुनं उत्पन्न आजही चालू आहे का?

---

पडवी

स्वीडनमधलं आहे. राजा गुस्ताव अडोल्फने १६२४ मध्ये उप्सालाच्या विद्यापीठाला तीनशेहून जास्त शेतवाड्या दिल्या, त्याही स्वतःच्या खाजगी मालमत्तेतून. त्या जमिनी आणि जंगलं आजही त्याच देणगीच्या नावाने सांभाळली जातात. लाकूड विकलं जातं, शेतं खंडाने दिली जातात, आणि पैसे विद्यापीठाच्या कामी येतात.